२०७१ सालातला तांब्या

८ जानेवारी, गुरुवार

आज प्लास्टर निघालं. आतून हात बाहेर आला तो सोललेल्या दुधीसारखा पांढरा नि बारीक. डॉक्टर पोरगेलासाच आहे. म्हणाला, आजी, बोटं हलती ठेवा, मऊ बॉल दाबत जा. मी म्हटलं, बॉल खेळायचं वय गेलं, दुसरं सांगा. मग म्हणाला, रोज दोन ओळी लिहा.

लिहा म्हणे. माझी शाळा चौथीपर्यंत, तीही अर्धी गुरांमागे गेलेली. पण रसिकाने तिच्या चित्रांच्या वह्यांतली एक कोरी वही आणून दिली. "आजी, मनात येईल ते लिही, कुणी वाचणार नाही." मी म्हटलं, वाचलं तरी मी काय कुणाला घाबरते?

तर मी तुळसा. डोंबिवलीत आम्ही चौघं राहतो. मुलगा सहदेव वीज खात्यात लाइनवर आहे. सून शीला. नि ही रसिका, माझी नात, सव्वीस वर्षांची. नाक माझंच, भाकरीच्या काठासारखं पुढे आलेलं, त्यावर चष्मा. हनुवटीवर तीळ आहे तो मात्र तिचा तिनेच आणलेला, आमच्या घराण्यात दुसऱ्या कुणाला नाही. खोटं बोलायचं झालं की तो तीळ चोळते. लहानपणची खोड.

दिवाळीत ही पोरगी घोडबंदर रोडवरच्या ऑफिसातली नोकरी सोडून आली नि बाहेरच्या खोलीत टेबल मांडून कॉमिक काढायला बसली.

पुरे. बोटं दुखायला लागली.

१० जानेवारी, शनिवार

आज आर्यन आला. हा तिच्या जुन्या ऑफिसातला, अजून तिथेच आहे, राहायलाही तिकडेच. शनिवार-रविवार आमच्याकडे पडीक. गोष्ट तो लिहितो, चित्रं ही काढते. येताना आईने भरून दिलेला तीन पुडांचा डबा आणतो, कारण त्याला आमच्याकडचं तिखट सोसत नाही. सत्तावीस वर्षांचा बाप्या.

आज मी विचारलंच, नक्की काय चाललंय तुमचं? तर म्हणे सुपरहिरोंची टीम. नाव 'फाटा पथक'. चार जण आहेत. एक वीजबंड्या, त्याच्या अंगातून वीज निघते. मिशी थेट सहदेवची. दुसरी मीठराणी, ती खाऱ्या पाण्यातलं मीठ काढून ते गोड करते. आमच्याकडच्या राणीचा, म्हणजे शीलाचा, हात उलटा चालतो, कालवणात सढळ पडतो. तिसरा भोंगा, कल्याणजवळच्या मोहन्याचा. तो ओरडला की भिंती पडतात. आमचे हे मोहन्याच्या कारखान्यात होते. यंत्रांवर आवाज चढवून बोलायची सवय लागली ती घरीही उतरली नाही, चहा मागितला तरी शेजारी दचकायचे. ते गेले त्याला आता बरीच वर्षं झाली. चित्रात ठीक दिसतात. चौथी सावली. ही कुणावरून काढली ते कळत नाही. चष्मेवाली बारकी पोर, नाकाखाली ओढणी गुंडाळलेली. भिंतीतून जाते, ती खोलीत असली तरी कुणाचं लक्ष नसतं.

"आणि आजी, हे लोक फ्यूचरमध्ये जातात," आर्यन म्हणाला.

"कसे?"

"शीळफाट्याहून. तिथे ट्रॅफिक एवढं जाम होतं ना, की टाइमच अडकतो. यांची गाडी त्या फटीतून निसटते नि पुढच्या काळात निघते."

हे मात्र मला पटलं. मागे नणंदेच्या नातीच्या लग्नाला आम्ही शीळफाट्यावरून निघालो होतो. पोचलो तेव्हा लोक हात धुवत होते.

१४ जानेवारी, बुधवार

संक्रांत. तिळगूळ दिला-घेतला नि सहदेवने गोड बोलायच्या दिवशीच तोंड उघडलं.

ठाण्याला नौपाड्यात ऋजुता बाई आहेत, त्या पुस्तकं छापतात. त्यांना सुरुवातीची पानं आवडली, पण शेवट बघितल्याशिवाय हो म्हणणार नाहीत. फेब्रुवारी संपायच्या आत सगळं आणा म्हणाल्या. इकडे सहदेवने ओळखीच्या माणसाला सांगून रसिकासाठी नव्या ऑफिसात जागा धरून ठेवलीय, मार्चच्या दोन तारखेपासून. "बाई छापतो म्हणाल्या तर मी एक शब्द बोलणार नाही," तो म्हणाला. "नाहीतर दोन तारखेला मुकाट्याने ऑफिस."

रसिका हो म्हणाली. तिळाचा लाडू हातात तसाच राहिला.

मला काय, गेली तर गेली. पण ऑफिसात होती तेव्हा पोरगी घरी येऊन रवंथ केल्यासारखी जेवायची, डोळे फोनात. आता चित्र काढताना तोंडाने आवाज काढते. धडाम. फट्याक. डोकं उठतं. पण घरात माणूस आहे असं वाटतं.

२५ जानेवारी, रविवार

आज पुढची पानं दाखवली. पथक २०७१ सालात पोचलं.

काय ते साल! आपलीच डोंबिवली, पण ओळखू येत नाही. खाडी वर चढून आलीय, इमारती आभाळात गेल्यात, पाणी मोजून. दाराला आतून कडी नाही. भिंतीत एक डोळा असतो, तो विचारतो, कोण? कशासाठी? मग कुठेतरी वर बसलेला अनुमतीनाथ नावाचा यंत्रातला राक्षस ठरवतो, दार उघडायचं की नाही. म्हणून कुणी कुणाकडे जात नाही. शेजारचा जिवंत आहे का, पत्ता नाही.

पथक पळत पळत एका म्हातारीच्या घरात शिरतं. सावलीने भिंतीतून जाऊन आतून काहीतरी खटपट केली म्हणून. म्हातारी घाबरत नाही. त्या दिवसाचं तिच्या वाटचं सगळं पाणी पितळी तांब्यातून त्यांना देते. मी चष्मा वर करून बघितलं. तांब्यावर नाव कोरलंय, 'तुळसास मामाकडून'. माझाच तांब्या! लग्नात आलेला, आत्ता देवाजवळ आहे तो. पोचा आलेली जागासुद्धा बरोबर काढलीय. आणि म्हातारीचं नाक बघायलाच नको.

"ही मी का गं?"

"हो, तूच," रसिका म्हणाली नि हनुवटी चोळायला लागली.

खोटंच आहे की. पंचेचाळीस वर्षांनी मी कुठली असायला? एकशेसोळा वर्षांची काढलीय मला नि पाठीत बाकसुद्धा नाही.

एक गोष्ट खटकली. राक्षसाची माणसं आली तेव्हा पथक पळालं, नि सावलीच्या हातात तांब्या तसाच. "तांब्या घेऊन गेले की हे!" मी म्हटलं. आर्यन म्हणाला, "आजी, ते डिटेल आहे, सोडा." वळण नाही, दुसरं काय.

१ फेब्रुवारी, रविवार

आज घरात भांडण झालं. ते माझ्यामुळे झालं असं सगळे म्हणतात.

आर्यनने शेवट आणला. पथक शीळफाट्याहून परत येतं, अनुमतीनाथाचं पहिलं यंत्र आत्ताच्या काळात बनत असतं ते फोडून टाकतं, नि मग २०७१ सालच गायब. सगळं पांढरं पान.

"मग त्या म्हातारीचं काय?" मी विचारलं. मी मटार सोलत होते.

"ती नसणारच, आजी."

"नसणार म्हणजे मेली?"

"मेली नाही. झालीच नाही. ती टाइमलाइनच पुसली ना."

"त्यापेक्षा मेलेली परवडली. तेराव्याला चार माणसं जेवतात तरी."

रसिका हळूच म्हणाली, "आर्यन, मलाही हा शेवट नकोय."

"का नको? लॉजिक सांग."

"नको. एवढंच."

"एवढंच म्हणजे काय? पूर्ण महिना मी यावर बसलोय! ऋजुता मॅडमना काय सांगू, एवढंच?"

रसिका पेन्सिलीचं टोक बघत बसली. मग मी बोलले. म्हटलं, "जिच्या वाटचं पाणी प्यालात तिलाच पुसून टाकलंत? बरोबर आहे. आईने भरलेल्या डब्यावर बसून जग वाचवणारा तू. कुणाचं खाल्लं-प्यायलं, तुझ्या लक्षात कशाला राहील?"

त्याचे कान लाल झाले. कॉम्प्युटर पिशवीत कोंबला. "रसिका, पुढचं तूच लिही. आजी आहेत ना मदतीला." जिना उतरतानाचा आवाज खालपर्यंत आला.

"आजी, काय केलंस तू हे!" रसिका माझ्यावर ओरडली. जन्मात पहिल्यांदा.

मी खरं तेच बोलले. मटार सोलून संपवले.

२ फेब्रुवारी, सोमवार

आर्यनचा डबा आमच्याच ओट्यावर राहिला. शीलाने घासून ठेवलाय. झाकणावर नाव आहे, 'प्रमोदिनी'. आईचं असणार.

८ फेब्रुवारी, रविवार

आला नाही. काल नाही, आज नाही. फोन उचलत नाही. रसिकाने स्वतः शेवट लिहून बघितला, फाडला, परत लिहिला, परत फाडला. धडाम नाही, फट्याक नाही. टेबलाशी बसून असते.

ऋजुता बाईंचा फोन आला होता. त्या स्पष्ट बोलल्या, गोष्ट दोघांची आहे, दोघं बरोबर आलात तर बघेन. एकटी आलीस तर मी हात लावणार नाही, उद्या माझ्या दारात भांडण नको. बाई शहाणी आहे, राग धरण्यासारखं काही नाही.

संध्याकाळी सहदेवने रसिकाचे ऑफिसचे बूट पॉलिश करून दाराशी ठेवले. वाईट मनाने नाही केलं. त्याला माया करायची झाली की तो काहीतरी दुरुस्त करतो. पण ते बूट बघून पोरगी आत गेली ती जेवायलाच उठली नाही.

११ फेब्रुवारी, बुधवार

दुसऱ्याचं भांडं घरात राहिलं की मला चैन पडत नाही. सकाळी ओट्याशी गेलं की तो डबा बघतो माझ्याकडे.

रसिकाला म्हटलं, काय तो निकाल लाव डब्याचा. ती म्हणाली, "कुरियर कर."

"रिकामा?"

"मग काय आजी, आत बसून तू जाणार आहेस?"

जीभ बघा कशी चालते. कुणावर गेलीय कोण जाणे.

शीलाला म्हटलं, शनिवारी मी स्वतः जाते. ती आधी नाही म्हणाली, हात अजून नाजूक आहे, घोडबंदर रोड काय जवळ आहे का आई. मग रसिकाच्या जुन्या एका पार्सलवरून आर्यनच्या सोसायटीचा पत्ता उतरवून आणला. घराचा नंबर त्यावर पुसट झालेला. म्हटलं, नाव आहे ना डब्यावर, विचारत जाईन.

मी माफी मागायला चाललेली नाही. डबा द्यायला चाललेय. इथे लिहून ठेवते, म्हणजे पुढे कुणी काही म्हणायला नको.

१४ फेब्रुवारी, शनिवार

आज हात मोडेपर्यंत लिहिणार आहे.

सकाळी घारगे केले. भोपळा किसून, गूळ घालून पीठ शीलाने मळलं. सैल मळलं. मी डाव्या हाताने तळले. एका पुडात घारगे, एकात मेथीची भाजी कमी तिखटाची, एकात लिंबाचं गोड लोणचं. रसिकाला सांगितलं, देवळात जातेय.

ट्रेनचे जिने मला झेपत नाहीत म्हणून बस धरली. शीळफाट्याला बस जी थांबली ती थांबलीच. पुढे कंटेनर, मागे कंटेनर, कंडक्टर उतरून चहा पिऊन आला. मी डबा मांडीवर घेऊन बसले होते. मनात म्हटलं, आता बघू, साल बदलतंय का. बाजूच्या बाईने विचारलं, "कुठे जाताय मावशी?" म्हटलं, "निघाले ठाण्याला, पोचेन कुठल्या सालात ते बघायचं." ती जरा सरकून बसली.

ठाण्याहून दुसरी बस, तीही रखडत. शेवटी उतरले तेव्हा उन्हं कलली होती. समोर तीन टॉवर. नाव कुठल्यातरी परदेशी गावाचं, जिभेला जमेना. मान वर करून वरचा मजला दिसेना. फाटकाशी वॉचमन, हातात पाटीएवढा फोन.

"माताजी, किसके यहाँ?"

"प्रमोदिनीबाई के यहाँ."

"फ्लॅट नंबर?"

"नंबर नहीं मालूम. नाव बताया ना."

त्याने कुठेतरी शोधलं, सापडलं. मग विचारतो, "गेस्ट हो, डिलिव्हरी हो, कामवाली हो, के कॅब हो?"

"इसमें का कुछ नहीं. उनका डबा रह गया था, वो वापस देने को आयी."

त्याने फोन वर-खाली केला. खरंच शोधत होता बिचारा. "उसका बटन नहीं है, माताजी."

"तो?"

"डिलिव्हरी डाल दूँ?"

"मैं डिलिव्हरीवाली दिखती क्या तेरेको?"

मग त्याने 'इतर' की काहीतरी टाकलं नि वर निरोप पाठवला. वरून उत्तर येईपर्यंत आत सोडता येणार नाही म्हणाला. उत्तर काही येईना. त्याने आपली खुर्ची मला दिली, पाणी दिलं. पोरगा चांगला होता.

मी बसून बघत होते. माणसं येतात, अंगठा लावतात, काचेचं दार उघडतं, मिटतं. कुणी कुणाकडे मान वळवत नाही. वर शंभर दारं असतील, एकसुद्धा उघडं दिसेना. कॉमिकमध्ये ते साल फार लांबचं दाखवलंय. एवढं लांब जायची गरज नव्हती, दोन बस पुरल्या.

इतक्यात आर्यन धावत खाली. पायात चपला दोन वेगवेगळ्या. "आजी! तुम्ही? रसिका बरी आहे ना?"

"तिला काय धाड भरलीय. डबा राहिला होता तुझा."

"डबा द्यायला डोंबिवलीहून आलात?"

"मग काय बोरिवलीहून येऊ? घर डोंबिवलीला आहे माझं."

त्याने डबा हातात घेतला, तर जड. झाकण उघडलं. घारगे बघत राहिला. "भरून आणलात?"

"रिकामं भांडं परत देतात का कुणाला? तुमच्यात देतात?"

तो तिथेच फाटकाच्या कठड्यावर बसला नि एक घारगा तोंडात टाकला. वॉचमनला एक दिला. वॉचमन खाता खाता म्हणाला, "सर, माताजी को कब का छोड देता. पर इनका बटनही नहीं था."

आर्यन हसला. मग हसायचा थांबला. "काय नव्हतं?"

"बटन, सर. बर्तन वापस करने का बटन."

आर्यन उठला, दोन फेऱ्या मारल्या, परत माझ्यापुढे उभा. "आजी, तांब्या कुठंय?"

"देवाजवळ."

"तो नाही. गोष्टीतला. म्हातारीने दिला तो."

"तुम्हीच घेऊन पळालात की. मी तेव्हाच म्हटलं होतं, तर म्हणे डिटेल आहे."

"तो परत द्यायला पाहिजे ना?"

"हे तू आता विचारतोस?"

त्याने तिथल्या तिथे माझ्या पायाला हात लावला, खरकट्या हाताने. लुगड्याला तेल लागलं.

मग मला वर नेलं. प्रमोदिनीबाई सरळ बाई आहेत. फोन दुसऱ्या खोलीत चार्जिंगला होता म्हणून हळहळल्या. "पंधरवडा झाला, तोंड पाडून बसलाय. म्हटलं, जाऊन बोल तर म्हणे तूच डबा देणं बंद कर." मी म्हटलं, डबा कशाला बंद करायचा, अन्नाने काय केलंय? चहा झाला. निघताना आर्यनने गाडी बोलावली नि प्रमोदिनीबाईंनी माझ्या हातात पिशवी दिली. घरी येऊन बघते तर तोच डबा, खोबऱ्याच्या वड्यांनी भरलेला.

म्हणजे एवढं करून डबा परत माझ्याच ओट्यावर.

१५ फेब्रुवारी, रविवार

आर्यन सकाळीच दारात. रसिकाने दार उघडलं. दोघं एकमेकांकडे बघत उभी. मी आतून ओरडले, डास येतात, आत तरी घे नाहीतर बाहेर तरी काढ.

"तांब्या परत द्यायचाय," तो म्हणाला.

रसिकाला आधी कळेना. मग त्याने सांगितलं. पथक यंत्र फोडत नाही. पुन्हा शीळफाट्याला जाऊन अडकतं नि २०७१ सालात जातं, भरलेला तांब्या घेऊन. दारातला डोळा विचारतो, पाहुणे? दुरुस्ती? डिलिव्हरी? सावली म्हणते, तांब्या परत द्यायला आलेय. अनुमतीनाथ शोधतो शोधतो, त्याच्याकडे तसलं बटनच नाही. त्याचं सगळं डोकं तिथेच जाम. शीळफाट्यासारखं. मग भोंगा जिन्यात उभा राहून बारा मजले ओरडतो, "कुणाकडे कुणाचं भांडं राहिलंय?" लोक फडताळं उघडतात. प्रत्येकाकडे दुसऱ्याच्या नावाचं एकतरी निघतं. वाटी, पातेलं, झारा. जो तो ते घेऊन शेजाऱ्याच्या दाराशी. अनुमतीनाथ इतक्या दारांना नाही कसं म्हणणार?

"म्हणजे म्हातारी राहते?" रसिकाने विचारलं.

"राहते. साल पण राहतं. नीट करायचं ते त्यांचे ते करतील, दारं उघडल्यावर."

रसिका चष्मा काढून पुसत बसली. बराच वेळ. घरात कुणी कांदा चिरत नव्हतं.

मी एवढंच म्हटलं, तांब्यात नुसतं पाणी नेऊ नका, वर गुळाचा खडा ठेवा. आर्यनने लिहून घेतलं. माझ्याशी तो आता जरा जपून बोलतो. बरं आहे.

दुपारी धडाम सुरू झालं.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

दोघं सकाळी ठाण्याला गेली, पानांची मोठी पिशवी घेऊन. शीलाचं लक्ष नव्हतं, आमटी खारट झाली. सहदेव डोकं दुखतं म्हणून लवकर घरी आला. त्याचं डोकं लाइनवर चढून शॉक बसला तेव्हाही दुखलं नव्हतं. येऊन पंख्याचं बटन खोलून बसला. चांगलं चालत होतं.

मी गाद्यांच्या खोळी बदलल्या. सगळ्या.

चारच्या पुढे फोन वाजला. शीलाने स्पीकर लावला. पलीकडून नुसतं रडणं. सहदेवच्या हातातला स्क्रू-ड्रायव्हर खाली पडला. मी म्हटलं, "अगं बये, आधी सांग, मग रड."

"छापतायत, आजी. पाडव्याला पहिली प्रत देतायत."

सहदेव दाराशी गेला, ते पॉलिश केलेले बूट उचलले, खोक्यात घालून माळ्यावर टाकले. मग परत येऊन म्हणाला, "तो मिशीवाला कोण आहे त्यात? मला दाखवला नाही कुणी."

आमटी तशीच खाल्ली सगळ्यांनी. कुणी मिठाचं नाव काढलं नाही. मीसुद्धा.

२ मार्च, सोमवार

ऑफिस होतं आज. ती गेली नाही. आता म्हणे दुसरा भाग. फट्याक, धुडूम, मधेच काहीतरी शिट्टी. डोकं उठलं. छान झोप लागली दुपारी.

१९ मार्च, गुरुवार

पाडवा. हात बरा आहे. सकाळी गुढी मीच बांधली, शीलाने फक्त काठी धरली. वर तांब्या माझाच उपडा घातला. वारा नव्हता, नीट बसला.

दुपारी आर्यन नि प्रमोदिनीबाई दोघं आली, पुस्तक घेऊन. जाड कागद, रंग झकास. सहदेवने वीजबंड्याचं पान शेजाऱ्यांना नेऊन दाखवलं. "माझ्यावरून काढलाय," म्हणाला. आधी हाच तिचे ऑफिसचे बूट पॉलिश करून बसलेला.

सगळे जेवून पांगल्यावर मी खिडकीशी बसून शेवटचं पान वाचलं. दार उघडतं. इकडे सावली तांब्या घेऊन उभी, तोंडावरची ओढणी पहिल्यांदा खाली केलीय. तिकडे म्हातारी. दोघी एकमेकींकडे बघतायत. चित्र चांगलंय. पण छापणाऱ्याने घोळ केलाय. म्हातारीच्या हनुवटीवर शाईचा ठिपका पडलाय. नि सावलीच्याही, अगदी त्याच जागी. मला तिथे कधी काही नव्हतं.

संध्याकाळी गुढी उतरवली. रसिकाने तांब्या हातात घेतला, अंगठ्याने त्यावरचं नाव पुसलं. "आजी, पुढे हा मला देशील?"

"घासायला शीक आधी. चिंच लावून, पावडरीने नाही."

"शिकते."

"मग घे आत्ताच. पुढे कशाला?" तांब्यात गूळ घातला नि दिला. रिकामा कसा देणार?

मग तिला ते पान दाखवलं. म्हटलं, "हे बघ, शाई सांडलीय दोघींवर. पुढच्या वेळी त्या बाईंना सांग, पुसून घ्या म्हणावं."

तिने हनुवटीला हात लावला नाही. सरळ माझ्याकडे बघत म्हणाली, "नाही आजी. ते नाही पुसायचं."

बरं, राहू दे. प्रमोदिनीबाईंचा डबा आज परत आमच्याकडेच विसरलाय. या वेळी श्रीखंड घालून धाडते.